पौलाने ‘धर्मांतर’ केलं होतं का? पहिल्या शतकातलं ज्यूपण आणि ख्रिस्तीपण

प्रश्न असा आहे: पौल, म्हणजे ज्याची पत्रं बायबलच्या नव्या करारात आहेत तो येशूचा सुरुवातीचा प्रचारक, जन्माने ज्यू, मग तो धर्मांतर करून ख्रिश्चन नेमका कधी झाला, आणि त्या काळी ज्यू माणसाने येशूला मानलं की त्याचं ज्यूपण संपायचं का? मी गेली बावीस वर्षं नव्या कराराची ग्रीक भाषा आणि सुरुवातीच्या चर्चचा इतिहास शिकवते, आणि दरवर्षी पहिल्या महिन्यातच कोणीतरी हे विचारतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

थोडक्यात सांगायचं तर पौल मरेपर्यंत ज्यूच होता आणि स्वतःला ज्यूच म्हणवत होता. ख्रिस्ती हा शब्द त्याच्या एकाही पत्रात येत नाही, एकदाही नाही. संपूर्ण नव्या करारात हा शब्द फक्त तीन वेळा आहे, दोनदा प्रेषितांच्या कृत्यांत, म्हणजे येशूनंतर त्याच्या शिष्यांनी काय केलं ते सांगणाऱ्या पुस्तकात, आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात, आणि तो सुद्धा बाहेरच्या लोकांनी तेव्हाच्या सीरियातल्या अंत्युखिया शहरात ठेवलेलं नाव म्हणून आधी येतो.

अडचण आपल्या ‘धर्मांतर’ या शब्दात आहे. धर्मांतर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, तर जुनं नाव जाऊन नवं नाव, गॅझेटमधली नोंद, घरात रडारड, आजीने बोलणं टाकलेलं, आणि गावात ‘बाटला’ हा शब्द. म्हणजे एक घर सोडून पलीकडच्या घरात जाणं. पण पहिल्या शतकात ते पलीकडचं घर बांधलेलंच नव्हतं, तर पौल जाणार कुठे?

आता यहूदी, म्हणजे ज्यू, असणं म्हणजे त्या काळी काय होतं ते आधी बघू. ग्रीकमध्ये शब्द आहे युदायोस. त्यात यहूदिया हा प्रदेश आला, तिथले पूर्वज आले, त्यांचा देव आला, आणि त्या पूर्वजांच्या चालीरीती आल्या, म्हणजे मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, डुक्कर न खाणं, यरुशलेमच्या मंदिराला दरवर्षी अर्धा शेकेल पाठवणं. हे सगळं एकाच गाठोड्यात, आणि त्यातून ‘धर्म’ नावाचा वेगळा कप्पा काढता यायचा नाही. रोमन लेखकांना सुद्धा यहूदी ओळखू यायचे ते शनिवार, सुंता आणि डुक्कर यावरूनच, देवाबद्दल त्यांचं म्हणणं काय हे फार थोड्यांना माहीत होतं. आपल्या कोकणात बेने इस्राएलींना गावकरी शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, तुमची श्रद्धा काय असं कोणी विचारायला गेलं नाही. ओळख पटायची ती अशी, रोजच्या वागण्यातून.

आणि धर्मांतराच्या जवळ जाणारी एक गोष्ट तेव्हा होती, पण तिची दिशा उलटी होती. परक्याने यहूदी होणं. याची सगळ्यात चांगली केस जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहूदी इतिहासकाराने लिहून ठेवलीय ती इझातेस राजाची. आदियाबेने नावाचं छोटं राज्य होतं, आजच्या उत्तर इराकमधल्या एर्बिलच्या आसपास, तिथला हा राजा, पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातला, म्हणजे अगदी पौलाच्याच पिढीतला. हनन्या नावाचा एक यहूदी व्यापारी राजवाड्यातल्या बायकांना यहूदी देवाबद्दल शिकवत होता, त्यातून राजा ओढला गेला, त्याची आई हेलेना तर आधीच दुसऱ्या कोणाकडून शिकून त्या वाटेला लागली होती. राजा म्हणाला मला सुंता करून घ्यायचीय, तेव्हा आई घाबरली, लोक परकी चाल पाळणारा राजा सहन करणार नाहीत म्हणाली, आणि हनन्याने सुद्धा समजावलं की सुंतेशिवाय देवाची भक्ती करता येते, देव समजून घेईल. राजा थांबला. मग काही काळाने गालीलातून एलाजार नावाचा दुसरा एक यहूदी आला, नियमशास्त्राचा कडक माणूस, तो भेटायला आत गेला तर राजा मोशेचं नियमशास्त्र वाचत बसलेला, आणि एलाजारने त्याला सरळ विचारलं की नुसतं वाचून काय उपयोग, त्यात सांगितलंय ते कर की. राजा उठून दुसऱ्या खोलीत गेला, वैद्याला बोलावलं आणि सुंता करून घेतली, मग आईला आणि हनन्याला निरोप पाठवला की झालं.

ही गोष्ट मी क्लासमध्ये पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या आधी शिकवते, मुद्दाम. कारण यात दोन यहूदी शिक्षक आहेत, दोघंही प्रामाणिक, आणि एकाच प्रश्नावर दोघांची उत्तरं वेगळी. म्हणजे ‘परक्याला सुंता लागते का’ हा वाद पौलाने सुरू केलेला नाही, तो यहूदी घरातलाच वाद होता, येशूच्या लोकांकडे तो तिथूनच आला. हे एकदा लक्षात आलं की पौलाची पत्रं वेगळीच वाचायला लागतात. हेलेनाने पुढे यरुशलेममध्ये दुष्काळ पडला तेव्हा अलेक्झांड्रियातून धान्य आणि सायप्रसमधून सुके अंजीर आणून वाटले, तिचं थडगं पण यरुशलेमजवळच आहे, तिला यहूदी लोकांनी आपलं मानलं ते असं.

पण सगळेच इझातेससारखे शेवटपर्यंत जायचे नाहीत. बरेच लोक उंबरठ्यावर थांबायचे. शनिवारी सभास्थानात, म्हणजे यहूद्यांच्या प्रार्थनेच्या जागी, यायचे, देणगी द्यायचे, मूर्तीपासून जमेल तेवढं लांब राहायचे, पण सुंता नाही. यांना देवाचं भय बाळगणारे म्हणायचे, प्रेषितांच्या कृत्यांतला रोमन शताधिपती कर्नेल्य हा त्यातलाच. पूर्वी काही अभ्यासक म्हणायचे की अशी कॅटेगरी कृत्यांचा लेखक लूक याने कथेच्या सोयीसाठी रचली, पण 1976 मध्ये तुर्कस्तानात आफ्रोदिसियास इथे एक कोरलेला खांब सापडला, पौलानंतर बऱ्याच काळाने कोरलेला, त्यावर यहूदी नावं आहेत, तीन नावांपुढे ‘पूर्ण प्रवेश केलेले’ असं आहे, आणि पन्नासहून जास्त नावं देवाचं भय बाळगणाऱ्यांची वेगळी दिलीयत, त्यातले काही तर नगरपरिषदेचे मेंबर. तो खांब सापडल्यावर त्या वादातला जोर बराच गेला. आणि बायकांचं तर विसरूच नका, त्यांना सुंतेचा प्रश्नच नव्हता त्यामुळे त्यांची ये-जा जास्त सोपी होती, जोसेफस लिहितो की दमास्कसमधल्या जवळपास सगळ्या बायका यहूदी भक्तीकडे वळल्या होत्या आणि त्यांचे नवरे युद्धाच्या वेळी त्यांच्यापासून गोष्टी लपवत होते.

हे सगळं समोर ठेवून आता पौल.

पौल आधी येशूच्या शिष्यांचा छळ करायचा, आणि दमास्कसच्या वाटेवर त्याला येशूचं दर्शन होऊन तो पालटला असं कृत्यांत आहे. त्या प्रसंगाबद्दल त्याने स्वतः गलतीकरांना लिहिलंय, आणि तिथे तो धर्म बदलल्याचं म्हणत नाही, तो म्हणतो की देवाने मला आईच्या उदरातून वेगळं केलं आणि बोलावलं. हे शब्द यिर्मया आणि यशया या संदेष्ट्यांचे आहेत, ज्याला शास्त्र पाठ आहे त्याला ऐकताक्षणी कळतील असे. म्हणजे तो स्वतःला संदेष्ट्यांच्या लाईनमध्ये उभा करतोय. देव तोच, शास्त्र तेच, लोक तेच, फक्त मशीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला तारणारा राजा, आलाय आणि आता परराष्ट्रीयांना बोलवायची वेळ झालीय, आणि ते काम माझं, एवढाच बदल. अर्थात हा ‘एवढाच’ किती मोठा होता ते त्याच्या पाठीला माहीत. करिंथकरांना तो लिहितो की यहूद्यांच्या हातून मला पाच वेळा एक कमी चाळीस फटके बसले. हे वाक्य लोक छळाचा पुरावा म्हणून वाचतात, तो आहेच, पण ही 39 फटक्यांची शिक्षा सभास्थानाची आहे, ती सभास्थान आपल्याच माणसाला देतं आणि ती घ्यायची तर माणसाने स्वतःला त्या सभास्थानाचा मानावं लागतं. पौल रोमन नागरिक होता असं कृत्यांत आहे, त्याला तिथून उठून जाता आलं असतं, मी तुमच्यातला नाही म्हणून. पाच वेळा तो उठून गेला नाही. त्याने यहूदीपण सोडलं नव्हतं याला यापेक्षा मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

दमास्कसनंतर शौल हे नाव बदलून पौल झालं असं म्हणतात, ते पण काढून टाका डोक्यातून. कृत्यांच्या 13 व्या अध्यायात ‘शौल ज्याला पौलही म्हणत’ असं आहे, दमास्कसनंतर बऱ्याच वर्षांनी, आणि तिथे नाव बदलण्याचा काही विधी वगैरे नाही, घरचं हिब्रू नाव एक आणि रोमन जगात वापरायचं एक, अशी दोन नावं असणं तेव्हा कॉमन होतं.

मग त्याचं भांडण कशासाठी होतं? इझातेसच्याच प्रश्नासाठी. ग्रीक माणसाने येशूला मानलं तर त्याने आधी यहूदी व्हायला हवं का. साधारण 48-49 च्या सुमाराला यरुशलेममध्ये यावर बैठक झाली, येशूचा शिष्य पेत्र, येशूचा भाऊ याकोब, पौल, त्याचा सोबती बर्णबा सगळे होते, आणि ठरलं की सुंतेची सक्ती नाही, कृत्यांप्रमाणे चार गोष्टी मात्र टाळायच्या, मूर्तीला वाहिलेलं, जारकर्म, गळा दाबून मारलेलं आणि रक्त. लक्षात घ्या, या बैठकीत यहूद्यांनी यहूदीपण सोडायचं का हा विषयच नव्हता, तो कोणाच्या मनातही नव्हता. पौल तीत या ग्रीक सोबत्याची सुंता करू देत नाही आणि तीमथ्याची, ज्याची आई यहूदी होती, स्वतः करून घेतो असं कृत्यांत आहे, आणि लोक म्हणतात हा माणूस दुटप्पी. मला तसं वाटत नाही. करिंथकरांना पहिल्या पत्रात त्याने नियमच लिहून ठेवलाय की बोलावलं तेव्हा सुंता झालेली होती तर ती पुसायला जाऊ नका, नव्हती तर करून घेऊ नका, ज्या स्थितीत बोलावलं त्याच स्थितीत राहा. पुसायला जाऊ नका हे उगाच म्हटलेलं नाही, ग्रीक व्यायामशाळेत उघड्या अंगाने व्यायाम असायचा आणि चिडवाचिडवी टाळायला काही यहूदी पुरुष कातडी ओढून सुंता झाकायची शस्त्रक्रिया करून घ्यायचे. तर यहूद्याने यहूदी राहावं, ग्रीकाने ग्रीक राहावं, आणि दोघांनी एकत्र बसावं, असं त्याचं म्हणणं.

आणि एकत्र बसावं म्हणणं सोपं होतं, प्रत्यक्षात सगळं मोडलं ते तिथेच.

अंत्युखियात काय झालं ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि ते मराठी माणसाला समजावायला मला कधीच कष्ट पडले नाहीत, कारण पंगत म्हणजे काय आणि कोणाच्या पंगतीला बसायचं म्हणजे काय हे आपल्याला हाडामासात माहीत आहे. अंत्युखियात यहूदी आणि परराष्ट्रीय शिष्य एकत्र जेवत होते. पेत्र तिथे आला, तो पण बसला. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली आणि पेत्र हळूहळू मागे सरकायला लागला. ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे ते सावकाश मागे हटत जाण्याचं आहे, म्हणजे एके दिवशी ताट घेऊन उठला असं नसावं, आज काहीतरी काम निघालं, उद्या तब्येत बरी नाही, असं करत करत त्याने बसणं बंद केलं. त्याचं बघून बाकीचे यहूदी उठले, आणि मग बर्णबा पण उठला. ‘बर्णबा देखील’ हे दोन शब्द पौलाने लिहिलेत त्यात मला त्याचं दुखणं ऐकू येतं, कारण हाच माणूस त्याला सगळ्यांत आधी सोबत घेणारा होता. एका बाजूला रिकाम्या झालेल्या जागा आणि दुसऱ्या बाजूला तिथेच बसून राहिलेले ग्रीक, ज्यांना कोणी काही बोललं नाही पण जे समजायचं ते समजलं. पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला सुनावलं.

पानात काय वाढलं होतं याबद्दल पौल एक अक्षर लिहीत नाही, डुक्कर होतं की मूर्तीपुढचं मांस होतं काही कळत नाही, तो फक्त कोणाबरोबर बसले आणि कोणाला सोडून उठले एवढंच सांगतो, म्हणून माझं मत असं की मुद्दा मांसापेक्षा माणसांचा होता. आणि अजून एक, या वादात आपण जिंकलो असं पौल कुठेही लिहीत नाही. पेत्राने ऐकलं असतं तर त्याने ते नक्की लिहिलं असतं, गलतीकरांना पटवायला त्याहून चांगला मुद्दा दुसरा कुठला. मला वाटतं तो त्या दिवशी हरला.

एक दगड मी तुम्हाला दाखवू इच्छिते. इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, 1871 मध्ये यरुशलेममध्ये सापडलेला, ग्रीकमध्ये सात ओळी, मोठी स्वच्छ अक्षरं. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते आणि हाताने हवेत अक्षरं गिरवत वाचत होते. अर्थ असा: कुठल्याही परक्याने मंदिराभोवतीच्या कठड्याच्या आत येऊ नये, जो पकडला जाईल त्याच्या मरणाला तो स्वतः जबाबदार. हा कठडा मंदिराच्या आवारात होता, त्याच्या बाहेरच्या अंगणापर्यंत कोणीही यायचं, आत फक्त इस्राएल. प्रेषितांच्या कृत्यांत 21 व्या अध्यायात पौलाला जी अटक झाली ती या कठड्यावरून. तो तिथे कशाला गेला होता तर चार जणांच्या नाजीर व्रताचा खर्च उचलून त्यांच्याबरोबर स्वतः शुद्ध व्हायला, म्हणजे पूर्ण यहूदी विधीसाठी, आणि आरोप काय झाला तर इफिसच्या त्रफिम नावाच्या ग्रीक माणसाला आत नेलं. ‘ख्रिश्चन’ पौल मंदिरात काय करत होता असं कोणी विचारलं तर मी हा दगड दाखवते, कारण पौल स्वतः त्या कठड्याच्या कुठल्या बाजूचा याबद्दल तिथल्या जमावाला सुद्धा शंका नव्हती.

70 मध्ये रोमनांनी ते मंदिर जाळलं. आणि त्यानंतर ओळखीच्या प्रश्नात एक नवीन पार्टी आली, ती म्हणजे सरकार. जो अर्धा शेकेल मंदिराला जायचा तो आता टॅक्स म्हणून रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाकडे वळवला, आणि आधी तो फक्त मोठ्या पुरुषांवर होता तो आता बायका, म्हातारे, लहान पोरं सगळ्यांवर. ज्या देवाच्या मंदिरासाठी बापजाद्यांनी पैसे दिले ते पैसे आता मूर्तीच्या देवळाला, दरवर्षी, माणशी. टॅक्स बसवायचा म्हणजे कोणावर हे ठरवायला लागतं, म्हणजे यहूदी कोण याची व्याख्या आता वसुली अधिकारी करणार. सम्राट डोमिशियनच्या काळात वसुली इतकी कडक झाली की गुपचूप यहूदी चालीने राहणारे आणि जन्माने यहूदी पण लपवणारे, दोघांनाही पकडायला लागले. रोमन लेखक सुएटोनियस लिहितो की तो तरुण असताना त्याच्या डोळ्यांसमोर भर कचेरीत एका 90 वर्षांच्या म्हाताऱ्याचे कपडे काढून सुंता झालीय का ते तपासलं. ते वाचताना मला दर वेळी त्या म्हाताऱ्याची लाज वाटत नाही, त्या कचेरीची वाटते. 96 मध्ये सम्राट नेर्वाने सत्तेवर आल्यावर या खोट्या आरोपांचा जाच काढून टाकल्याचं नाणंच पाडलं, त्यावर खजुराचं झाड आहे. आता विचार करा, येशूला मानणाऱ्या ग्रीकाने हा टॅक्स भरायचा का? आणि येशूला मानणाऱ्या यहूद्याने? इथे वेगळं असण्याला पहिल्यांदा पैशांत किंमत आली, आणि माझ्या मते दोन वाटा वेगळ्या होण्यात धर्मशास्त्राइतकाच या टॅक्सचा हात आहे.

दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याला मारायला रोमला घेऊन जात होते, वाटेत त्याने पत्रं लिहिली, त्यात पहिल्यांदा ‘ख्रिस्तीपण’ हा शब्द एक वेगळी वस्तू म्हणून येतो, आणि येतो तोच यहूदीपणाच्या विरोधात: येशूचं नाव घ्यायचं आणि यहूदी चालीने राहायचं हे चालणार नाही. पण दुसऱ्या एका पत्रात तोच म्हणतो की सुंता न झालेल्याकडून यहूदीपण ऐकण्यापेक्षा सुंता झालेल्याकडून ख्रिस्तीपण ऐकलेलं बरं. म्हणजे बघा, त्याच्या आसपास यहूदी नसलेले लोक यहूदी चाली शिकवत होते! त्याच काळाच्या आसपासचं दिदाखे नावाचं एक छोटं नियमावलीसारखं लिखाण आहे, त्यात सांगितलंय की ते ढोंगी लोक सोमवार गुरुवार उपास करतात, तुम्ही बुधवार शुक्रवार करा. आपल्याकडे कोण कुठल्या वारी उपास धरतं त्यावरून घरातलं दैवत कळतं, तसंच हे. उपास तोच, पद्धत तीच, फक्त वार बदलला, कारण वार बदलला नसता तर बाहेरून फरक दिसलाच नसता.

मग येशूला मानणारे यहूदी, ज्यांनी शब्बाथ आणि सुंता सोडली नाही, त्यांचं काय झालं? तुमच्या प्रश्नाचा हा भाग सगळ्यात दुखरा आहे. चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस लिहितो की यरुशलेमचे पहिले 15 बिशप सगळे सुंता झालेले होते. 132 ते 135 मध्ये रोमविरुद्ध बार कोखबाचं बंड झालं, त्याला बरेच यहूदी मशीहा मानायचे, येशूला मशीहा मानणारे लोक दुसऱ्या मशीहासाठी लढणार कसे, त्यांना बंडवाल्यांकडूनही त्रास झाला, आणि बंड मोडल्यावर सम्राट हेड्रियनने यरुशलेममध्ये यहूद्यांना बंदीच घातली, त्यामुळे तिथला पुढचा बिशप परराष्ट्रीय. दोन्हीकडून मार. नंतर 155-160 च्या सुमाराला जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने त्रिफो या यहूद्याशी झालेला संवाद लिहिला, त्यात त्रिफो विचारतो की येशूला मानून कोणी नियमशास्त्रही पाळलं तर तो तरेल का. जस्टिन म्हणतो माझ्या मते तरेल, दुसऱ्यांवर सक्ती करत नसेल तर, पण आमच्यातले काही जण अशा लोकांशी बोलत पण नाहीत, जेवत पण नाहीत. पौलाच्या वेळी यहूदी उठला होता ग्रीकाच्या पंगतीतून. शंभर वर्षांत ग्रीक उठायला लागला यहूद्याच्या. आणि 404 च्या सुमाराला बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम बिशप ऑगस्टीनला पत्रात नाझरेन लोकांबद्दल, म्हणजे येशूला मानणाऱ्या अशाच यहूद्यांबद्दल, लिहितो की त्यांना यहूदीही व्हायचंय आणि ख्रिस्तीही, म्हणून ते ना यहूदी ना ख्रिस्ती. पेत्र, याकोब, पौल या तिघांनाही हे वाक्य तंतोतंत लागू पडलं असतं. जेरोम इतका विद्वान, हिब्रू शिकलेला, त्याच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही, आणि म्हणून मला त्याचा राग येतो.

पण पुस्तकातल्या रेषा आणि गल्लीतलं जगणं यात फरक असतो. 386-87 मध्ये, त्याच अंत्युखियात, योहान क्रिसोस्तोम नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू यहूद्यांच्या नावाने आठ प्रवचनं करतो, भयंकर भाषेत, पुढे शेकडो वर्षं ज्यूंच्या विरोधात वापरली गेलेली. ती नीट वाचली तर कळतं की त्याचा खरा राग त्याच्याच चर्चमधल्या लोकांवर आहे, कारण ते कर्ण्यांच्या सणाला सभास्थानात जातात, यहूद्यांबरोबर उपास धरतात, बरं वाटत नसेल तर त्यांच्याकडे औषध मंतर घ्यायला जातात. एक प्रसंग तो सांगतो की एक माणूस, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा, एका ख्रिस्ती बाईला ओढत सभास्थानात नेत होता, कसल्यातरी व्यवहारात तिला शपथ घालायची होती, आणि कारण विचारलं तर म्हणाला बऱ्याच जणांनी सांगितलं तिथली शपथ जास्त कडक लागते. पौलाला जाऊन तीनशेहून जास्त वर्षं झालेली, ख्रिस्ती श्रद्धा काय ते ठरवणारी निकियाची परिषद 325 ला होऊन गेलेली, आणि सामान्य माणसाच्या मनात अजून सभास्थानाचा देव हा आपलाच देव आणि जरा जास्त कडक देव. मला या माणसांबद्दल माया वाटते, त्यांनी काही लिहून ठेवलं नाही, त्यांना शिव्या देणाऱ्याच्या तोंडूनच ते आपल्याला दिसतात.

म्हणजे तुम्ही विचारता तसं धर्मांतर, एक सोडून दुसरं धरणं आणि मागचं तोडणं, हे खऱ्या अर्थाने चौथ्या शतकात दिसायला लागतं, सत्ता ख्रिस्ती झाल्यावर. तिबेरियातला योसेफ हे एक उदाहरण, यहूदी प्रमुखाच्या दरबारातला मोठा माणूस, शुभवर्तमानं चोरून वाचताना पकडला गेला, मार खाल्ला, नदीत फेकला गेला, बाप्तिस्मा घेतला, आणि सम्राट कॉन्स्टंटाईनने त्याला ‘कोमेस’ पदवी देऊन गालीलात चर्च बांधायची परवानगी दिली. ही हकीकत लिहिणारा बिशप एपिफानियस त्याला म्हातारपणी भेटला होता. इथे निदान माणसाचं स्वतःचं मन वळलेलं दिसतं.

418 मध्ये स्पेनजवळच्या मिनोर्का बेटावर जे झालं त्यात तेही नाही. तिथला बिशप सेवेरस याने स्वतःच पत्र लिहून अभिमानाने सगळं सांगितलंय, म्हणून हे आपल्याला माहीत आहे. तो आपल्या गावाहून जमाव घेऊन मागोना गावात आला, दगडफेक झाली, सभास्थान जाळलं. जाळण्याआधी आतले ग्रंथ आणि चांदी बाहेर काढली, चांदी यहूद्यांना परत दिली आणि ग्रंथ स्वतःकडे ठेवले, का तर यहूद्यांच्या हातात ते खराब होतील म्हणून. आठ दिवसांत 540 माणसं ख्रिस्ती झाली. सगळ्यात जास्त काळ बायका अडून राहिल्या, एक तर गुहेत जाऊन राहिली होती. आणि पत्राच्या शेवटी बिशप आनंदाने लिहितो की ज्या जागी सभास्थान होतं तिथे आता नवं चर्च बांधायचंय, त्याचा खर्च हेच लोक उचलतायत, आणि दगडही स्वतःच्या खांद्यावरून वाहून आणतायत.